विधेयक अडवायचं तर लेखी अडवा: कोकणातल्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील विधानसभा सदस्य, तसेच कोकण पदवीधर व कोकण शिक्षक मतदारसंघांतील विधान परिषद सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

विधानसभेत तिन्ही जिल्ह्यांचे मिळून आपण १५ जण आहात. रायगडचे ७, रत्नागिरीचे ५, सिंधुदुर्गचे ३. पक्ष वेगवेगळे आहेत, ते तसेच राहू देत. मी जे मागणार आहे त्यात पक्षाचा संबंध नाही. विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक कुणी अडवलं, तर ते का अडवलं हे त्याने लेखी, कारणांसह आणि वेळेत सभागृहाला सांगितलं पाहिजे. आणि त्याच्याकडून ते वदवून घेणं हे आपलं काम आहे. एवढंच माझं मागणं.

राज्यपालांचा, राष्ट्रपतींचा किंवा न्यायालयाचा नकाराधिकार काढून घ्या, असं मी म्हणत नाही. तो असलाच पाहिजे असं माझं मत आहे. माझी सारी नोकरी किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेत ठराव लिहिण्यात गेली. बहुमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर झालेल्या ठरावात किती घाई असते आणि किती गोष्टी विसरलेल्या असतात, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे. कुणीतरी थांबवणारा हवा. प्रश्न आहे तो त्याने कसं थांबवावं याचा.

व्हेटो म्हटलं की वरच्याने 'नाही' म्हटलं आणि विषय संपला, असं लोकांना वाटतं. आपल्या घटनेत असा पूर्णविराम फार थोड्या ठिकाणी आहे. अनुच्छेद २०० प्रमाणे मंजूर विधेयक राज्यपालांकडे जातं. ते संमती देतात, संमती रोखतात किंवा विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) सोडलं तर बाकीचं विधेयक संदेशासह परत पाठवता येतं, आणि सभागृहाने ते दुरुस्तीसह किंवा जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं तर राज्यपालांना संमती रोखता येत नाही. या नकाराचा अर्थ 'एकदा पुन्हा बघा' एवढाच. त्यापुढचा शब्द आपला.

राखून ठेवलेल्या विधेयकाची गोष्ट निराळी. तिथे अनुच्छेद २०१ लागू होतो. राष्ट्रपतींनी ते परत पाठवायला सांगितलं, आपण पुन्हा मंजूर केलं, तरी संमती देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे हा नकार प्रत्यक्षात दिल्लीतल्या सरकारचा असतो.

आता मुदतींकडे बघा. राष्ट्रपतींकडून परत आलेल्या विधेयकाचा फेरविचार करायला सभागृहाला ६ महिने दिले आहेत. विधानसभेने पाठवलेलं विधेयक विधान परिषद पहिल्या वेळी ३ महिने रोखू शकते, दुसऱ्या वेळी १ महिना. धन विधेयकाला १४ दिवस. जिथे लोकांनी निवडलेली माणसं बसतात तिथे घटनेने दिवस मोजून दिले आहेत. राज्यपालांसाठी, आणि संसदेच्या विधेयकांबाबत राष्ट्रपतींसाठी, मात्र विधेयक परत पाठवण्यापुरते 'शक्य तितक्या लवकर' एवढेच शब्द आहेत. राष्ट्रपतींबाबत घटनेच्या मसुद्यात ६ आठवड्यांची मुदत होती. घटना समितीत ती वगळून हे शब्द आले. सहा आठवड्यांच्या जागी बसवलेल्या शब्दांतून वर्षानुवर्षं फाइल ठेवून घेण्याची मुभा कुणी काढत असेल, तर ती मला मान्य नाही.

तरीही ती काढली गेली. तामिळनाडूत २०२० पासूनची विधेयकं राज्यपालांकडे होती. १० विधेयकं विधानसभेने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा मंजूर केली, तर ती संमतीऐवजी राष्ट्रपतींकडे रवाना झाली. त्याच महिन्यात पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की संमती रोखायची असेल तर विधेयक परत पाठवलंच पाहिजे. ते दाबून ठेवता येणार नाही. ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तामिळनाडूची ती दहाही विधेयकं संमत झाली असं मानलं आणि राज्यपाल-राष्ट्रपतींना मुदती घालून दिल्या. मग राष्ट्रपतींनी १४ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठवले, आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उत्तर दिलं. न्यायालय मुदत घालू शकत नाही, संमती 'मानून' घेता येत नाही. पण विधेयक परत न पाठवता नुसतं रोखून स्वस्थ बसण्याचा मार्गही राज्यपालांना नाही. आणि विलंब लांबलचक, कारण न दिलेला, अंत नसलेला असेल तर निर्णय घ्या एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकतं.

हे वाचून काहींनी राज्यपाल जिंकले म्हटलं, काहींनी राज्यं हरली म्हटलं. मला त्यात दिसतं ते असं, की मुदतीचा प्रश्न न्यायालयाने आपल्या टेबलावरून उचलून लोकप्रतिनिधींच्या टेबलावर ठेवला आहे. घटनेत मुदत घालायची तर ती संसदेने घालायची. आणि तोवर कारण विचारत राहायचं ते सभागृहाने.

माझ्या नोकरीतलं एक प्रकरण इथे सांगतो, कारण लेखी नकार म्हणजे काय ते त्यातून कळेल.

आमच्या नगरपरिषदेने एकदा ठराव केला, की जेटीच्या रस्त्यावर बसणाऱ्या मासेविक्रेत्या बायकांनी नव्या मासळी बाजाराच्या इमारतीत जावं, न गेल्यास माल जप्त. ठराव जवळपास एकमताने झाला. कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, आणि थोड्याच दिवसांत नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली स्थगितीचा आदेश आला. त्या कलमात एक अट आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी ठराव स्थगित केला तर सहीचा लेखी आदेश द्यायचा, आणि त्याची प्रत कारणांच्या निवेदनासह नगरपरिषदेला आणि संचालकांना तातडीने पाठवायची.

तो आदेश मी स्वतः आवक नोंदवहीत चढवला. दीड पानाचा मजकूर, खाली गोल शिक्का. कारणं तीन होती. नव्या इमारतीत पाण्याची जोडणी नाही. गटार उघडं आहे आणि उतार उलटा असल्यामुळे पाणी ओट्याखाली तुंबतं. आणि पहाटेचा लिलाव जेटीवर होत असताना विक्री अर्धा किलोमीटर लांब नेल्यास तंटे होण्याचा संभव आहे. संध्याकाळी त्या बायकांपैकी एक वयस्कर मावशी कार्यालयात आल्या. 'भाऊ, काय लिवलाय तां वाचून दाखवा' म्हणाल्या. मी वाचलं. पाण्याचं आणि गटाराचं ऐकून त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, 'म्हंजे ह्या सगळा झाला तर आमाला जावंच लागंल?' मी म्हटलं, हो मावशी, मग ठराव पुन्हा येऊ शकतो. त्या बरं म्हणून उठल्या.

विशेष सभेत सदस्य चिडले होते. जिल्हाधिकारी कोण आम्हाला अडवणारे, अशी भाषणं झाली. पण कागद समोर होता. जोडणी झाली, गटाराचा उतार बदलला, पहाटेच्या लिलावाची वेळ जेटीवर राखून ठेवणारा सुधारित ठराव झाला, आणि स्थगिती उठली. त्या तीन कारणांपैकी एकही लिहिलं नसतं तर आम्ही काय दुरुस्त केलं असतं? आणि त्या मावशींना मी काय वाचून दाखवलं असतं?

जेमतेम काही हजार वस्तीच्या गावाचा मासळी बाजाराचा ठराव अडवताना जिल्हाधिकाऱ्याला कारणं लिहून द्यावी लागतात. राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक दिल्लीत अडलं, तर त्याच्या कारणांची प्रत आपल्याला मिळावी अशी अपेक्षा मी ठेवली, तर त्यात जास्त काय मागितलं?

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाला १० दिवस दिले आहेत, रविवार सोडून. विधेयक नामंजूर असेल तर आक्षेप लिहून ते ज्या सभागृहात मांडलं गेलं तिथे परत पाठवायचं, आणि ते आक्षेप त्या सभागृहाने आपल्या इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवायचे. मग दोन्हीकडे दोन-तृतीयांश मतं पडली तर राष्ट्राध्यक्षाच्या नकारावर मात होते. सभागृह सुरू असताना राष्ट्राध्यक्ष १० दिवस गप्प राहिला, तर सहीशिवायच कायदा होतो. अधिवेशन संपल्यामुळे विधेयक परत पाठवता येत नसेल तेव्हाच त्याचं मौन म्हणजे नकार ठरतं. तिथलं सगळंच चांगलं आहे असं नाही, पण आक्षेपाला इतिवृत्तात जागा देण्याची तरतूद इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला फार मोलाची वाटते.

मौनाच्या बाजूने एक उदाहरण नेहमी दिलं जातं, ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १९८६ मध्ये संसदेने भारतीय डाक कार्यालय (सुधारणा) विधेयक मंजूर केलं. लोकांची पत्रं अडवून उघडण्याचे व्यापक अधिकार त्यातून सरकारला मिळणार होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि विधेयक परतही पाठवलं नाही. त्या काळी मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर आणि अंतर्देशीय पत्रावर ज्या कोकणातली घरं चालत होती, तिथल्या माणसाला त्या विधेयकाचा धोका समजावून सांगावा लागत नाही. ते अडलं हे चांगलंच झालं. पण कसं अडलं? राष्ट्रपतींचा आक्षेप नेमका कोणत्या कलमाला होता हे संसदेपुढे लेखी आलंच नाही, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही. पुढचे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी जानेवारी १९९० मध्ये ते परत पाठवलं, आणि २००२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. पत्रांच्या गोपनीयतेवर १९८६ सालीच संसदेत उघड वाद झाला असता, तर आज फोनच्या आणि संदेशांच्या गोपनीयतेवर बोलताना आपल्या हाती काहीतरी असतं. चांगल्या हेतूचं मौन वाईट हेतूच्या मौनापासून वेगळं ओळखता येत नाही, ही त्यातली अडचण आहे. २००६ मध्ये डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचं विधेयक परत पाठवलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. त्या दोन-तीन महिन्यांत लाभाचं पद म्हणजे काय यावर देशभर जेवढं बोललं गेलं, तेवढं त्याआधी कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

न्यायालयाचा नकार आणखी वेगळा. तो कायदा झाल्यावर येतो, कुणीतरी दाद मागितल्यावर येतो, आणि निकाल लिहूनच येतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी संसदेने आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला, तेव्हा विरोधातल्या एका न्यायमूर्तींचं मतही निकालाबरोबर प्रसिद्ध झालं. तो निकाल पटो न पटो, वाचता येतो.

आणि न्यायालयाच्या नकाराला उत्तर कसं द्यायचं, याचा धडा तर आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासात आहे. खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, नष्ट करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. तेव्हाच्या १९३५ च्या कायद्याखाली प्रांताच्या गव्हर्नरला नकार देता येत होता, गव्हर्नर जनरलला देता येत होता, आणि दोघांपैकी कुणीही संमती दिलेला कायदाही इंग्लंडचा राजा १२ महिन्यांच्या आत रद्द करू शकत होता. ते विधेयक पुढे सरकलं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. पुढे जमीनसुधारणांचे कायदे न्यायालयात अडू लागले, तेव्हा १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववं परिशिष्ट आणलं, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयाने रद्द करू नयेत अशा कायद्यांची यादी. त्यातल्या पहिल्या १३ कायद्यांत सहावा कायदा आपला, खोती निर्मूलनाचा. संसदेने हे उघडपणे, चर्चा करून, मतं मोजून केलं. पुढे त्या परिशिष्टात नको ते कायदेही घुसवले गेले आणि २००७ मध्ये न्यायालयाने त्याला आवर घातला, तोही लिहून. एकाने अडवायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि सगळं नोंदीवर ठेवायचं, अशी ही पद्धत.

राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पै विरोधी बाकावर होते, मंत्री नव्हते, बहुमत हाती नव्हतं. त्यांनी त्याच वर्षी अशासकीय विधेयक मांडलं आणि दुरुस्तीचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच असला पाहिजे, अशी बाजू धरून ठेवली. त्यांचं विधेयक संमत झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी २४व्या घटनादुरुस्तीने संसदेचा तो अधिकार घटनेत लिहिला गेला. त्याच दुरुस्तीत घटनादुरुस्ती विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती दिलीच पाहिजे, असंही बंधन आलं. त्यांचं मत सर्वांना पटावं असं नाही. १९७३ च्या केशवानंद निकालानंतर त्या अधिकाराला मूलभूत चौकटीची, म्हणजे घटनेचा गाभा बदलता येणार नाही अशी, मर्यादा आली आणि ती आली हे मला योग्य वाटतं. पण कोकणातला एक सदस्य, मागच्या बाकावरून, या प्रश्नाला हात घालू शकतो हे त्यांनी दाखवलं. आपण १५ जण आहात.

महाराष्ट्रात हे प्रश्न आलेच नाहीत असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी महिलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सांगणारं शक्ती विधेयक मंजूर केलं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्राच्याही अखत्यारीतला, म्हणून राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही आणि कायदा झाला नाही. त्यातल्या फाशीच्या तरतुदींबद्दल माझ्याही मनात शंका होत्या, पण ज्या बायकांना त्या कायद्याचं आश्वासन दिलं होतं, त्यांना कोणतं कलम कुठे अडलं हे सभागृहातून समजायला हवं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये विधान परिषदेसाठी १२ नावांची शिफारस राज्यपालांकडे गेली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य असल्याचं म्हटलं, तरी निर्णय आला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. ते विधेयक नव्हतं, पण मौनाने अडवण्याची रीत तीच. त्या वेळी कोणता पक्ष कुठल्या बाजूला होता हे आपल्याला ठाऊक आहे. उद्या बाजू बदलतील, म्हणूनच हे सगळ्यांना सांगतो आहे.

आता आपल्याला काय करता येईल. राज्यपालांच्या वर्तनावर स्वतंत्र प्रस्तावाशिवाय सभागृहात बोलता येत नाही, ही मर्यादा योग्य आहे आणि ती मोडायची गरजही नाही. प्रश्न सरकारला विचारायचा. प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी संमतीसाठी गेलेल्या विधेयकांचं विवरणपत्र पटलावर ठेवायला लावा: कधी पाठवलं, कुणाकडे आहे, केंद्राच्या कोणत्या मंत्रालयाने कोणते शेरे मारले. राज्यपालांचा संदेश आला तर तो छापून सर्व सदस्यांना द्या, आणि त्यावर मुद्देसूद उत्तर द्या. अनुच्छेद २०० आणि २०१ मध्ये मुदत घालावी, अशी शिफारस संसदेला करणारा अशासकीय ठराव आणा. केंद्र-राज्य संबंधांवरील पूंछी आयोगाने २०१० मध्ये राज्यपालांसाठी ६ महिने सुचवले होते. तिथून सुरुवात करता येईल.

आणि एक कडू गोष्ट. विधेयक गोंधळात, चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर होतं, तेव्हा ते अडवणाऱ्याचं काम आपणच सोपं करून ठेवतो. ज्यावर सभागृहात कुणी बोललंच नाही ते विधेयक परत आल्यावर कशाच्या जोरावर जसंच्या तसं पुन्हा पाठवणार? विधेयकाची प्रत आदल्या रात्री हातात पडली तर ती नाकारा. कोकणातल्या कुणाही आमदाराने असं केलं, तर त्याचा पक्ष कोणताही असो, मी त्याच्या पाठीशी उभा राहीन.

तारांकित प्रश्नाचा मसुदा तयार करून सोबत देत आहे. शब्द बदलावेसे वाटले तर जरूर बदला, पण येत्या अधिवेशनात आपल्यापैकी एकाने तरी तो विचारावा.

'सन्माननीय विधि व न्याय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय:

(१) विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेली किती विधेयके मा. राज्यपाल वा मा. राष्ट्रपती यांच्या संमतीसाठी प्रलंबित आहेत, व ती कोणत्या दिनांकास पाठविण्यात आली,

(२) त्यांपैकी कोणत्या विधेयकांबाबत केंद्र शासनाकडून आक्षेप वा अभिप्राय प्राप्त झाले आहेत, व त्यांचे स्वरूप काय आहे,

(३) असल्यास, ते आक्षेप सभागृहाच्या पटलावर ठेवण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

आपला,
नगरपरिषदेचा एक सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक
जि. रत्नागिरी